अक्काच्या वाट्याची नळी

ऑर्गनॉइड म्हणजे काय, हे मला आजवर कुणालाही नीट समजावून सांगता आलेलं नाही. एकदा मुखेडला आईला सांगून बघितलं. शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनाचा बोराएवढा तुकडा आमच्याकडे येतो. आम्ही तो ब्लेडनं बारीक करतो, औषधात घालून उबेला हलवत ठेवतो, म्हणजे पेशी सुट्या होतात. मग त्या एका थंड, पातळ जेलमध्ये मिसळून त्याचे थेंब ताटलीत सोडतो. ऊब लागली की जेल घट्ट बसतं. वरून पोषक द्रव घालायचा, दोन-तीन दिवसांनी बदलत राहायचा. त्या पेशींना आपण अजून अंगातच आहोत असं वाटतं आणि त्या पुन्हा एकत्र येऊन गोळे करतात, मोहरीहूनही लहान. कर्करोग कसा सुरू होतो, कोणत्या औषधाला दबतो, हे बाईवर न बघता त्या गोळ्यांवर बघता येतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती बाई कुठं असती तवा?"

घरी असते, म्हटलं.

"अन् तिचं इथं वाढून राहिलं?"

हो म्हटल्यावर ती शेंगा फोडायला लागली. तेव्हा मला वाटलं, हिला कळलं नाही. हल्ली मी स्वतःच त्या प्रश्नापाशी अडते.

मी या कामात विकत विकत आले. आई मुखेडच्या बाजारात बोरं, चिंचा, शेंगा घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी. गिऱ्हाईक उठून चार पावलं गेलं की ते परत येणार की नाही, हे मला त्याच्या पाठीवरून कळायचं. पुढं नांदेडला एम.एस्सी. करताना मी एका दुकानदाराकडे विक्रीचं काम धरलं. नांदेड-लातूरच्या पॅथॉलॉजी लॅबना काचसामान आणि रसायनं पुरवायची. कोणती वस्तू कुणाला किती पडते, हे मला पाठ होतं, त्यामुळे पुण्याच्या एका सरांना जेव्हा इकडं ऑर्गनॉइडचं काम सुरू करायचं झालं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा स्वस्तात लॅब उभी करून देणारं कुणी सापडणार नव्हतं. नांदेडच्या एका कॉलेजातली खोली मिळाली. सर पुण्यात, मी इथं. त्यांनी मला तोंडी सांगितलं होतं, इथून काही उगवलं तर पेपरवर पहिलं नाव तुमचं. मी ते लिहून घेतलं नाही. दुकानदाराकडून साधी पावतीसुद्धा सही करून घेणारी मी, सरांकडून मात्र लिहून घेतलं नाही. ते प्राध्यापक होते म्हणून.

त्यातच दुष्काळ पडला. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. आमचं जेल साध्या खोलीच्या हवेतच घट्ट व्हायला लागतं आणि त्या वर्षीची खोलीची हवा तर विचारूच नका. नळ्या, पिपेटची टोकं, सगळं बर्फावर ठेवून काम करावं लागतं. कॉलेजचं बर्फाचं यंत्र पाणी नाही म्हणून बंद झालं. मग मी मासळीबाजारात गेले. मासे तिकडून आंध्रातून बर्फात येतात, मासे विकून झाले की बर्फ उरतो. तो मी घासाघीस करून घ्यायची, डबल पिशवीत बांधून आणायची. खोलीत बोंबलासारखा वास सुटायचा. सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले आणि आतलं काही त्याला लागू देऊ नका एवढंच म्हणाले. त्यांना ते गमतीचं वाटलं असावं. नंतर ते आपल्या भाषणांतून ही मासळीबाजाराची गोष्ट सांगायला लागले, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं की बर्फ आणायला तेच गेले होते.

नमुने लातूरच्या एका दवाखान्यातून यायचे. पाण्यामुळं तिथं शस्त्रक्रिया पुढं ढकलल्या जात होत्या, त्यामुळं नमुने थोडे, आणि आलेल्यांतले बहुतेक उगवत नव्हते. काही बुरशीनं जायचे, काही नुसतेच बसून राहायचे. अशात अक्का आल्या.

त्या अहमदपूरच्या, लिंगायत, किराणा दुकानाच्या मालकीण; सगळेच, पोटचा मुलगाही, त्यांना अक्काच म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गल्ला त्यांच्याच हातात. वॉर्डात मी संमतीपत्र घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांशी त्यांचा वाद चालला होता. गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या गळ्यातून काढते, पण अंगावरून नाही, आणि ते त्यांनी दंडाला बांधून घेतलं. तो वाद मिटला. दुसरा मिटेना. काढलेला भाग त्यांना परत हवा होता. त्यांच्यात माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात. शेताच्या एका कोपऱ्यात त्यांच्या सासऱ्यांची, नवऱ्याची समाधी होती. आपलं जे आहे ते सगळं तिथं जायचं, असं त्यांनी धरलेलं. डॉक्टर म्हणत होते, तपासणीला लागतो, मग नियमानं जाळून नष्ट होतो, परत मिळत नाही.

"जाळणार?" अक्का म्हणाल्या. "मला इचारल्याबिगर?"

डॉक्टर निघून गेले. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि मी कशाला आले ते विचारलं. मी सांगितलं. तुकडा द्या म्हणजे मी तो वाढवेन, त्याचा उपयोग पुढं बऱ्याच बायकांना होईल. त्यांनी बायकांचं वाक्य जाऊ दिलं आणि वाढवेन हा शब्द धरला. वाढतो म्हणजे किती वाढतो? दुप्पट होतो का? मेल्यावर वाढतो का जिवंत असताना? तू जाळणार का? मी नाही म्हटलं. मग परत देशील का? मी म्हटलं, अक्का, तुकडा तुकडा राहत नाही, त्याचं दुसरंच काहीतरी होतं, ते परत कसं देऊ.

त्या जरा वेळ दंडाला बांधलेलं लिंग चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "बटईनं दे."

त्यांचं शेत बटईनं दिलेलं होतं. जमीन एकाची, राबणूक दुसऱ्याची, पीक अर्धं-अर्धं. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती, आमच्याकडे माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीत तेच केलं. "जमीन माझी, राबणूक तुझी," त्या म्हणाल्या. "उगवल त्यातलं अर्धं माझं. न्हाई उगवलं तर तुझं नशीब अन् माझं."

मी लगेच हो म्हटलं नाही. बियाणं कुणाचं, खत कुणाचं, ते मी विचारलं. जेल महाग येतं, पोषक द्रव त्याहून महाग. त्या म्हणाल्या तो खर्च राबणाऱ्याचा, आमच्या भागात तसंच हाय. मी म्हटलं आमच्या भागात निम्मा-निम्मा असतो. बाजूच्या खाटेवरची बाई आमच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी अक्का म्हणाल्या, खर्च तुझा, पर हक्कानं मागायला मी येणार न्हाई, तू आणून द्यायचं. त्यावर मी हात पुढं केला. त्यांनी सही केली. संमतीपत्रात बटईचं काही नव्हतं, त्यात जे छापलेलं असतं ते होतं, नमुना दान दिला, त्यावर हक्क राहणार नाही वगैरे. ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, कागद कागदाच्या जागी. सरांना मी संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, हो म्हणा ना, काय बिघडतंय.

सौद्यात दिलेला शब्द मी मोडत नाही. हा चांगुलपणा नाही. बाजारात उद्याही बसायचं असतं.

तुकडे दोन आले होते, एक गाठीतला आणि एक गाठीपासून दूरचा, निरोगी दिसणारा. गाठीतला उगवलाच नाही. दुसरा उगवला, आणि कसा उगवला ते मला आजही सांगता येत नाही, कारण मी वेगळं काही केलं नव्हतं. तोच मासळीचा बर्फ, तेच जेल. काही दिवस जेलच्या थेंबात नुसता गाळ दिसत होता. मग गोळे दिसले. मग गोळ्यांना पोकळी आली, पोकळीतून फांद्या फुटल्या, छातीतल्या दुधाच्या नलिकांना असतात तशा. सरांनी हार्मोन घालायला सांगितलं. त्यानंतर एका सकाळी पोकळ्यांमध्ये धूसर काहीतरी भरलेलं दिसलं. तपासलं, तर दुधात असतं ते प्रथिन.

बाहेर टँकरपाशी भांडणं चालली होती आणि आत एका पन्नाशीच्या बाईच्या अंगाबाहेर, तिला न सांगता, दूध येत होतं. मी खुर्चीवर बसले. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण मला त्या ताटलीकडे बघवत नव्हतं, आणि का बघवत नव्हतं ते कळत नव्हतं.

मग अर्ध्याचा प्रश्न आला. अर्धं म्हणजे कधीचं अर्धं? आज वाटणी केली तर आठवड्यानं माझं अर्धं परत सगळ्याएवढं झालेलं असणार. ज्वारीचं असं होत नाही. खळ्यात जेवढी रास पडली तेवढी पडली. मी बरंच डोकं लावलं. शेवटी निसर्गानंच वाटणी केली म्हणायची, कारण काही पिढ्यांनंतर गोळे दमले, वाढ थांबत आली, आणि जे होतं त्यातून गोठवायला दोनच नळ्या भरल्या. एक सरांना पुण्याला पाठवली. दुसरी अक्काच्या वाट्याची.

ती ठेवायची कुठं? कॉलेजचा फ्रीजर सरांच्या प्रकल्पाचा होता. नळी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, आणि द्रव नायट्रोजन आमच्या भागात कुणाकडे असेल तर गुरांच्या दवाखान्यात. वळूचं वीर्य त्यातच ठेवतात. एका निवृत्त पशुवैद्यकाकडून मी त्याचा जुना कॅन घेतला. कडेला पोचा आलेला होता, त्यावर मी भाव पाडला. नायट्रोजनची गाडी नांदेडला आली की मी त्यात भरून घ्यायची, दवाखान्यातली माणसं मला गाईवाली समजायची.

मग मी अहमदपूरला गेले. अक्का दुकानात गल्ल्यावर बसल्या होत्या, पदर एका बाजूनं नीट ओढून घेतलेला. गिऱ्हाइकांमध्ये नव्या जिल्ह्याची चर्चा होती. उदगीर जिल्हा होणार, अहमदपूर त्यात जाणार, नाही जाणार, रस्त्याकडेची जमीन सोन्याची होणार. अक्कांचा मुलगा, माझ्याच वयाचा, तोही त्यात बोलत होता. त्यांचं शेत रस्त्याकडेचं. प्लॉट पाडणारे त्याच्याकडे येऊन जात होते. अक्का फक्त समाध्यांचा कोपरा सोडून बोल म्हणायच्या, आणि प्लॉटवाल्यांना तो कोपराच रस्त्याला लागून असल्यामुळं हवा होता.

मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"हे माझं हाय का रोगाचं?"

मी खरं तेच सांगितलं. रोगाचा तुकडा उगवला नाही. हा चांगल्या जागेचा आहे. पण चांगल्या जागेतही रोगाची एखादी पेशी लपलेली असू शकते, ती नाहीच असं मी सांगू शकत नाही.

"दुधाचं हाय म्हनलीस ना? मग माझं हाय."

कुठं ठेवलंय ते विचारलं. मी कॅनचं सांगितलं. त्यात आधी काय होतं तेही. त्या हसून हसून खोकायला लागल्या. "देवणी वळूच्या घरात नेऊन ठेवलीस व्हय मला? ह्या वयात?" मुलगा लाजून आत गेला.

मग त्यांनी मागणी केली. त्यांचा वाटा आणून दे, त्या शेतात पुरतील. मी म्हटलं आणते. आणि तेव्हाच, अगदी सहज, त्यांनी विचारलं की ते जित्तं आहे का. हो, म्हटलं. गोठलेलं आहे, पण काढलं तर जगू शकतं.

त्यांचा चेहरा बदलला. जित्तं पुरायचं कसं? मी म्हटलं, मारून आणते, सोपं आहे. त्या म्हणाल्या, मारून कामून? माझंच हाय, अन् मी बसलेय इथं जित्ती. मग ते मारणार कोण? तू? आम्ही दोघी त्यावर बरंच बोललो. पुरलं तर जिवंत पुरायचं पाप, मारलं तर आपलंच मारल्याचं. शेवटी ठरलं ते असं, की मी ते सांभाळायचं. अक्का जातील तेव्हा त्यांच्याबरोबर ते जाईल, आणि मी ते घेऊन येईन. सांभाळायचा खर्च? तो पुन्हा माझाच. वर्षाच्या तुरीची डाळ आणि गूळ त्यांनी कबूल केला. मी आणखी शेंगदाणे घेतले.

पुढं पेपर आला. सरांच्या वाट्याच्या नळीतून त्यांनी पुन्हा गोळे वाढवले, त्यांच्यावर बरंच काम झालं, दुधाचे फोटो छापून आले. ते फोटो मी काढलेले. पहिलं नाव त्यांच्या पुण्याच्या एका विद्यार्थिनीचं. माझं नाव शेवटी, बारीक अक्षरात, तांत्रिक साहाय्याबद्दल आभार. विजेचं बिल भरणाऱ्याचे मानतात तसे. मी फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, तुमचं योगदान कुणी नाकारत नाही. प्रकल्प संपला, खोली कॉलेजनं परत घेतली. मी पुन्हा काचसामान विकायला लागले, या वेळी स्वतःचं दुकान घालून. कॅन स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीशेजारी. आई मुखेडहून आली की त्याच्यापासून लांब बसायची आणि त्याला "ती बाई" म्हणायची.

काही वर्षांनी सरांचा फोन आला. आवाज गोड. त्यांच्याकडचा फ्रीजर एका सुट्टीत बंद पडला होता. त्या नळीतून वाढवत नेलेली गोळ्यांची सगळी ओळ गेली होती. परदेशातल्या लोकांना ती तपासायला हवी होती, न दिल्यास छापलेल्या कामावर शंका येणार होती. तुमच्याकडे ती एक नळी आहे ना अजून, ते म्हणाले, ती गमतीतली.

मी एका दमात सांगितलं, नव्या पेपरवर पहिलं नाव माझं, आणि जुन्यावर दुरुस्ती छापायची. ते लगेच हो म्हणाले. लगेच. मी इतकी वर्षं सौदे केले, समोरचा पहिल्या बोलीला हो म्हणाला की मी हिशोब परत मांडते. भाव कमी सांगितला की काय, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की मी दुसऱ्याचा माल विकून बसले होते.

अहमदपूरला गेले तर अक्का दुकानामागच्या खोलीत पडून होत्या. दुखणं हाडात उतरलं होतं. मी काही लपवलं नाही. सरांना काय हवंय, मला काय मिळणार, सगळं सांगितलं. असंही सांगितलं की नळी उघडून गोळे वाढवता आले तर त्यातला अर्धा वाटा मी पुन्हा गोठवून परत देईन, म्हणजे त्यांचं काही जाणार नाही.

"उगवल का?"

"बहुतेक."

"खात्री?"

खात्री नव्हती. इतकी वर्षं पडून असलेलं, पोचा आलेल्या कॅनमध्ये. न उगवल्यास सगळंच जाणार होतं. मी तसं सांगितलं.

मुलगा पायाशी बसला होता. तो म्हणाला, "अक्का, देऊन टाक. त्यात काय हाय?"

"तू शेताचा कोपरा बी तसंच म्हणतूस," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "न्हाई. माझं मला पाहिजे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, डोळ्यालाही दिसत नाही एवढं आहे ते, मातीत घालून कुणाचं भलं होणार? तुमच्यासारख्या किती बायका त्या दवाखान्यात रांगेत बसल्यात, त्यांच्या उपयोगाचं तुम्ही पुरून टाकणार. आवाज इतका चढला की दुकानातलं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं.

अक्का हळू आवाजात बोलल्या, त्यांना जोरात बोलवतच नव्हतं. "तू तुझ्या नावासाठी आलीस. ते वाईट न्हाई. पर बायकांना मधी घालू नको."

मी उठले आणि निरोप न घेता निघाले. चार पावलांवर मी थांबेन असं त्यांना वाटलं असेल का, हे मी रस्त्याला लागल्यावर स्वतःला विचारलं. त्या हाक मारतील असं मला वाटत होतं. त्यांनी मारली नाही.

स्टँडवरूनच सरांना फोन केला आणि मालकीण नाही म्हणते असं सांगितलं. "मालकीण?" ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावलं. नमुना दान दिलेला आहे, सही आहे, कायद्यानं तिचा काहीही हक्क नाही, आणि माझाही नाही. नळी प्रकल्पाची आहे. सगळं बरोबर होतं. ते संमतीपत्र मीच वाचून दाखवलं होतं. आणि त्यांना त्या पेपराच्या पलीकडं खरंच काही कळणार होतं, औषधांचं, रोग सुरू कसा होतो त्याचं, हेही खोटं नव्हतं. मी फोन ठेवला आणि नळी पाठवली नाही. नंतरही त्यांचे फोन आले, पत्रं आली, एकदा कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. मी त्याला कॅन दाखवला, गुरांच्या दवाखान्याचा आहे, यात वळूचं वीर्य ठेवतात म्हटलं, तो परत गेला.

अक्काला तिचं मिळावं म्हणून मी अडून बसले, की सरांना ते मिळू नये म्हणून? मी हे बऱ्याच वेळा वेगळं करून बघितलं आहे. होत नाही.

अक्का त्या पावसाळ्याआधीच गेल्या. मुलानं सकाळी फोन केला, दुपारी मातीला नेतो म्हणाला, तुम्हाला कळवायला सांगितलं होतं तिनं. मी कॅन उघडला. वाफेतून नळी वर काढली. कॅनसकट न्यायची, तर गोळे जिवंतच पोचणार, आणि जिवंत पुरायचं नाही असं ठरलेलं. मारायचं, तर माझ्या हातून तेही होईना. मी नळी रुमालात बांधून पर्समध्ये टाकली आणि लातूरची एसटी धरली. उष्मा लागला की गोठवणीच्या द्रवातच त्या पेशी हळूहळू मरतात. एक-दोन तासांत बहुतेक. लोह्यापर्यंत मी पर्स मांडीवर धरून बसले होते. तिथं गाडी थांबली, लोक चहाला उतरले, मी हात घालून बघितलं, रुमाल ओला आणि कोमट झाला होता. आता मेल्या असतील. किंवा नसतील. सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येत नाही. शेजारची बाई विचारत होती, काय औषध हाय का, उन्हात खराब होईल. मी हो म्हटलं, खराब व्हायलाच नेतेय असं कसं सांगणार.

शेतात पोचले तेव्हा अक्कांना खड्ड्यात बसवून झालं होतं. कपाळाला विभूती, हातात त्यांचं लिंग. कोपरा विकलेला नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र प्लॉटचे दगड रोवलेले होते, नवा जिल्हा झालेला नसूनही. मी बांधावर उभी राहिले. पुढं जायचं की नाही, मला कुणी बोलावेल की नाही, माझं तिथं काय नातं लावायचं, काही ठरेना. मुलानं मला बघितलं आणि तोच चालत आला. मी नळी दिली. विधी करायला आलेल्या जंगमांनी त्याला विचारलं, हे काय आहे.

"अक्काचंच हाय," तो म्हणाला.

जंगम बाजूला झाले. तो खड्ड्यापाशी गेला, मग थांबून परत माझ्याकडे आला. "डबीसगट टाकू का उघडून?"

इतक्या वर्षांत मी याचा विचारच केला नव्हता. ती प्लास्टिकची होती, मातीत कधीच जिरली नसती. उघडून, म्हटलं. त्यानं झाकण फिरवलं आणि अक्कांच्या मांडीपाशी ओतलं. चमचाभरही नव्हतं. ढेकळावर डाग पडला आणि बघता बघता गेला, जमीन इतकी तापलेली होती. लोक माती लोटायला लागले.

मुलगा हात झटकत बांधावर आला. मग त्यानं विचारलं, आता सगळी गेली ना ती? का तुमच्या सरांकडं अजून काही हाय?

फोटो आहेत, मी म्हटलं. तो म्हणाला, फोटो आमच्याकडं बी हायत.

परत येताना सरांचा फोन वाजत होता. मी तो उचलला, आणि नळी संपली असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही त्या वेळी नेमकं काय केलं होतं, की तो नमुना उगवला? पहिल्यांदाच विचारत होते. मी सांगायला सुरुवात केली, बर्फापासून, आणि मध्येच थांबले, कारण मला खरंच माहीत नव्हतं.